दूध आहे, पण पान्हा फुटत नाही: ताणामुळे वारंवार अडणाऱ्या स्तनपानाची क्रमवार तपासणी

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मातांना घरी भेटून स्तनपानाचे मार्गदर्शन करणे हे माझे काम आहे आणि या कामात एक तक्रार इतर सर्व तक्रारींपेक्षा अधिक वेळा ऐकू येते: "काल दूध येत होते, आज आटले." तपासून पाहिल्यावर बहुतेक वेळा असे आढळते की दूध आटलेले नसते, ते स्तनात तयार असते, पण आईच्या मनावर आणि शरीरावर आलेल्या ताणामुळे पान्हा अडलेला असतो. हा दोष एकदा दूर झाला तरी पाहुणे आले, रात्र जागून काढावी लागली किंवा कामावर परतण्याची तारीख जवळ आली की पुन्हा उद्भवतो. म्हणून त्याची तपासणी ठरलेल्या क्रमाने, सोप्या आणि बिनखर्ची गोष्टींपासून सुरुवात करून, घरच्या घरी करता यावी यासाठी हे लिहीत आहे.

लक्षणे

बाळ छातीशी घेतल्यावर घाईघाईने, आखूड आखूड ओढते. गिळल्याचा आवाज येत नाही. मिनिट-दोन मिनिटांत तोंड सोडून पाठ ताणते आणि रडू लागते. पुन्हा लावले की तेच घडते. आईला छाती भरलेली जाणवते, पण दूध उतरत असल्याची जाणीव होत नाही. तिचे खांदे कानांकडे उचललेले असतात, दात आवळलेले असतात आणि नजर घड्याळावर किंवा दाराकडे असते. पंपाने दूध काढणाऱ्या आईला कार्यालयात जेमतेम तळ भरेल एवढे दूध मिळते आणि घरी, पहाटे, तोच पंप वापरून पुरेसे मिळते.

वेळ, जागा आणि माणसे बदलली की होणारा हा फरक ही या दोषाची सर्वांत महत्त्वाची खूण आहे. दुधाचा खरा तुटवडा असेल तर तो पहाटेही दिसतो आणि दुपारीही दिसतो. पहाटे बाळ शांतपणे पिऊन झोपत असेल आणि संध्याकाळी घर माणसांनी भरल्यावर तेच बाळ छातीवर रडत असेल, तर अडचण दूध तयार होण्यात नसून ते बाहेर येण्यात आहे असा अंदाज धरून पुढे जावे.

पान्हा फुटला की नाही हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. काहींना छातीत मुंग्या येतात, दुसऱ्या बाजूने दूध ठिबकते, एकाएकी तहान लागते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत पोटात कळही येते. अनेक मातांना यांपैकी काहीच जाणवत नाही आणि तेही स्वाभाविक आहे. भरवशाची खूण बाळाकडे असते: घाईचे आखूड ओढणे थांबून संथ, खोल ओढणे सुरू होते आणि मध्ये मध्ये गिळल्याचे ऐकू येते.

हे का घडते

दूध तयार करण्याचे काम प्रोलॅक्टिन या संप्रेरकाकडे असते, तर तयार दूध पुढे ढकलण्याचे काम ऑक्सिटोसिनकडे असते. बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते, त्यामुळे दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात आणि दूध नलिकांतून स्तनाग्राकडे वाहते. वेदना, भीती, संकोच आणि चिंता ही प्रतिक्रिया काही काळ रोखून धरतात. बाळाच्या नुसत्या आठवणीने किंवा दुसऱ्याच एखाद्या बाळाचे रडणे ऐकून छाती ओली होते, तीही याच संप्रेरकामुळे. म्हणजे मन या क्रियेला थांबवू शकते तसे चालूही करू शकते. आपल्या उपायांचा सगळा आधार हाच आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. ताणामुळे पान्हा अडणे ही शरीराची प्रतिक्रिया आहे. त्यात आईच्या मायेची कसोटी लागत नाही आणि तिचा दोषही नसतो. परंतु दुर्लक्ष केल्यास तिचे परिणाम होतात. स्तनातले दूध दिवसेंदिवस पूर्ण बाहेर पडले नाही तर शरीर मागणी घटली असे समजून उत्पादन कमी करते आणि मग तात्पुरता अडथळा खऱ्या तुटवड्यात बदलतो. म्हणून लवकर तपासावे.

आधी हे मोजा: बाळाला पुरेसे मिळते आहे का?

या तपासणीला काहीही खर्च येत नाही आणि ती टाळून पुढची एकही पायरी घेऊ नये, कारण खरा तुटवडा असेल तर विश्रांतीच्या उपायांत वेळ घालवणे बाळासाठी धोक्याचे ठरते. एक पूर्ण दिवस डायपर बाजूला ठेवून कापडी लंगोट वापरावेत आणि बाळाने किती वेळा शू केली ते कागदावर लिहावे. बाळाला पाच दिवस झाल्यानंतर चोवीस तासांत किमान ६ वेळा, फिकट रंगाची लघवी व्हायला हवी. जन्मानंतर पहिल्या दिवसांत वजन थोडे घटते, पण साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनाइतके परत यायला हवे आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांत रोज सरासरी २० ते ३० ग्रॅमने वाढायला हवे. वजन अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात, शक्यतो प्रत्येक वेळी एकाच काट्यावर करावे.

लघवी आणि वजन दोन्ही ठीक असतील, तर बाळाला दूध मिळत आहे. सहा आठवड्यांच्या सुमारास छाती पूर्वीसारखी दाटत नाही, हे दूध कमी झाल्याचे लक्षण नाही. संध्याकाळी बाळाने दर अर्ध्या तासाने छाती मागणे हेही बहुतेक तान्ह्या बाळांचे नेहमीचे वागणे आहे. हे माहीत नसल्यामुळेच अनेक घरांत संध्याकाळी घबराट होते, घबराटीने पान्हा अडतो आणि मग "दूध पुरत नाही" या शंकेला पुरावाच मिळाल्यासारखे होते.

आकडे कमी भरत असतील तर मधल्या पायऱ्या सोडून थेट शेवटच्या भागाकडे जावे.

पाणी, भूक आणि लघवी

पाजायला बसण्यापूर्वी आईने लघवीला जाऊन यावे आणि पाण्याचा तांब्या हाताशी ठेवावा. बाळंतिणीला पाणी बेतानेच द्यायचे ही पद्धत अजूनही काही घरांत पाळली जाते. ती सोडून द्यावी. तहान भागेल एवढे पाणी पुरे, बळेबळे लोटाभर पाणी पिऊन दूध वाढत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा मातेला रोज सुमारे ६०० किलोकॅलरी अधिक लागतात, आणि तरीही सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर सर्वांत शेवटी जेवणारी बाळंतीण मी वारंवार पाहते. भुकेले शरीर शांत होऊ शकत नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू पौष्टिक आहेत, ते आवडीने खावेत. मात्र ते पान्हा अडण्यावरचे औषध नव्हेत. चहा-कॉफी दिवसाला दोन-तीन कपांवर जाऊ देऊ नये, कारण त्याने आईची आधीच अपुरी असलेली झोप आणखी उडते.

बसण्याची पद्धत आणि बाळाची पकड

माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा दोष येथे सापडतो. पाठीला टेकू नसेल, पाय अधांतरी असतील आणि बाळाकडे वाकून पाजले जात असेल, तर मान, खांदे आणि कंबर सतत ताणलेली राहतात. पाठ भिंतीला किंवा लोडाला टेकवावी, पायाखाली पाट घ्यावा, मांडीवर उशी घ्यावी आणि बाळाला छातीपर्यंत उचलून आणावे. छाती बाळापर्यंत नेऊ नये. बाळाचे डोके आणि धड एका रेषेत, पोट आईच्या पोटाला लागलेले आणि सगळे अंग हाताच्या आधारावर असावे.

त्यानंतर पकड पाहावी. बाळाचे तोंड पूर्ण उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि स्तनाग्राभोवतीचा गडद भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला अधिक दिसणारा असेल, तर पकड योग्य आहे. बाळाने नुसते बोंड तोंडात धरले असेल तर आईला दुखते. दुखणार आहे हे ठाऊक असलेली स्त्री बाळ जवळ येण्याआधीच अंग आक्रसून घेते आणि पान्हा तेथेच अडतो. अशा आईला "मन शांत ठेव" असे सांगण्यात काही अर्थ नाही. आधी तिची वेदना थांबवली पाहिजे. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे. दर वेळी दुखत असेल, तर सहन करत राहू नये.

श्वास आणि खांदे

बाळाला उचलण्यापूर्वीची दोन मिनिटे यासाठी राखून ठेवावीत. खांदे मुद्दाम कानांपर्यंत उचलून तीन-चार क्षण तसेच धरावेत आणि मग एकदम सोडून द्यावेत. मुठी घट्ट आवळून सोडाव्यात. दातांत अंतर ठेवून जबडा सैल करावा. आवळून सोडलेला स्नायू किती ताणलेला होता हे सोडल्यानंतरच कळते, म्हणून आधी आवळायचे. नंतर चार अंक मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा ते आठ अंक मोजत सावकाश सोडावा. बाहेर जाणारा श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीर सावध अवस्थेतून बाहेर येऊ लागते.

अंक मोजणे जमत नसेल तर अंगाई गुणगुणावी. गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो आणि बाळालाही तो आवाज ओळखीचा असतो. मलेशियात प्रथमच आई झालेल्या स्त्रियांना स्तनपानाच्या वेळी शिथिलीकरणाचे ध्वनिमुद्रण ऐकायला देऊन एक अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. ते ऐकणाऱ्या मातांचा ताण कमी आढळला आणि त्यांच्या बाळांचे वजनही अधिक वाढले. मोबाइलवर असे काही लावायचे असेल तर लावून मोबाइल पालथा ठेवावा. पाजताना संदेश वाचत राहणे आणि दर मिनिटाला वेळ पाहणे या दोन्ही सवयींनी लक्ष पुन्हा चिंतेकडेच जाते.

ऊब आणि पाठ चोळणे

कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल पाजण्यापूर्वी काही मिनिटे छातीवर ठेवावा आणि बोटांनी हलकेच, दाबून नव्हे, काही थेंब दूध काढावे, म्हणजे बाळाला पहिल्या ओढीलाच चव मिळते. छातीचा एखादा भाग लाल, कडक आणि दुखरा झाला असेल तर मात्र शेक देऊ नये आणि चोळूही नये.

पाठ चोळण्यासाठी दुसऱ्या माणसाची मदत लागते. पती, आई, बहीण, कोणीही चालेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तनपान प्रशिक्षणात ही कृती शिकवली जाते. आईने टेबलावर हात दुमडून त्यावर डोके टेकवावे आणि छाती मोकळी लोंबती ठेवावी. मदतनिसाने मूठ वळून अंगठे पुढे काढावेत आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, मानेपासून खांद्याच्या पात्यांपर्यंत, अंगठ्यांनी लहान वर्तुळे काढत दोन ते तीन मिनिटे चोळावे. पुष्कळदा चोळणे चालू असतानाच दूध ठिबकू लागते.

याच संदर्भात एक इशारा देणे आवश्यक आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून शेक घेण्याची प्रथा अजून सर्वत्र संपलेली नाही. कोळशाच्या धगीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो, पण तो आई आणि बाळ दोघांचाही जीव घेऊ शकतो. डोके जड होणे आणि मळमळणे हा केवळ बाळंतपणाचा थकवा समजून सोडून देऊ नये. शेगडी ताबडतोब बाहेर काढून दारे-खिडक्या उघडाव्यात, आई आणि बाळाला मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच दवाखान्यात जावे.

त्वचेला त्वचा

बाळाला फक्त लंगोटावर, उघड्या छातीशी उभे धरून वरून दुपटे पांघरावे आणि पाजण्याची घाई न करता अर्धा-एक तास तसेच राहावे. या स्पर्शाने आईचे ऑक्सिटोसिन वाढते आणि बाळ अनेकदा स्वतःहून छाती शोधू लागते. छातीवर लावताच रडणाऱ्या बाळासाठी हा उपाय मला सर्वांत विश्वासाचा वाटतो, कारण त्यात त्या वेळेपुरती पाजण्याची परीक्षाच उरत नाही. या काळात आईला डुलकी येऊ लागली तर बाळ दुसऱ्याकडे द्यावे. सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळाला घेऊन झोप लागणे धोक्याचे आहे.

खोली आणि माणसे

वरील सर्व करूनही दोष ठरावीक वेळीच परत येत असेल, तर त्या वेळी खोलीत कोण असते ते पाहावे. ही पायरी पैशाने स्वस्त आहे, पण करायला अवघड आहे. बारशाच्या आधी-नंतरच्या दिवसांत पाहुण्यांची रीघ लागते आणि प्रत्येकीच्या तोंडी "पोट भरतंय ना गं त्याचं?" हा एकच प्रश्न असतो. विचारणारीच्या मनात काळजीच असते, परंतु दिवसभर तो प्रश्न ऐकणाऱ्या आईला प्रत्येक वेळी आपण कमी पडत आहोत असे वाटते. पाजण्याच्या वेळी खोलीत कोण असावे हे आईने ठरवावे आणि ते इतरांना सांगण्याची जबाबदारी पतीने घ्यावी. सासूबाईंशी बोलायचे असल्यास "आई, दहा मिनिटे मला एकटीला बसू द्या, पाजून झाले की ढेकर काढायला बाळाला तुमच्याकडेच देते" असे म्हणता येते. त्यात नकार नसून एक काम सोपवलेले असते, म्हणून ते बहुधा मान्य होते.

घराबाहेरही आडोसा हवा. राज्यातील अनेक एसटी स्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष आहेत. तेथे कुलूप दिसल्यास स्थानकप्रमुखांकडे तो उघडून मागावा. नोकरीच्या ठिकाणी कायद्यानुसार मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी विराम मिळण्याचा हक्क आहे आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक आहे. कामावर पंप वापरताना बाळाचे वापरलेले झबले सोबत ठेवावे. त्याचा वास आणि मोबाइलमधील बाळाचे छायाचित्र पान्हा फुटायला खरोखर मदत करतात.

झोप, आणि वरच्या दुधाचा मोह

रात्री पाजणे आईनेच करायचे असले, तरी बाळाला उचलून आणणे, ढेकर काढणे आणि लंगोट बदलणे ही कामे दुसऱ्याने केली तर तिला प्रत्येक वेळी झोपेचा थोडा भाग परत मिळतो. प्रोलॅक्टिनची पातळी रात्री अधिक असते, त्यामुळे रात्रीचे पाजणे बंद करून झोप वाढवण्याचा सल्ला सुरुवातीच्या महिन्यांत दूध घटवतो.

लघवी आणि वजन ठीक असताना रडणे थांबवण्यासाठी बाटलीने वरचे दूध देऊ नये. त्या वेळचे ओढणे चुकते, मागणी घटते आणि दुसऱ्या दिवशी छातीवरचा अडथळा अधिक बिकट होतो. दूध वाढवण्याच्या गोळ्या आणि चूर्णे हा उपाय या दोषासाठी मुळातच चुकीच्या जागी केलेला आहे, कारण ती घेतली जातात दूध तयार व्हावे म्हणून, आणि येथे तयार दूधच अडलेले आहे.

एक वेगळा प्रकार ओळखून ठेवावा. काही मातांना पान्हा फुटण्याच्या काही क्षण आधी एकाएकी खोल उदासी किंवा भीती दाटून येते आणि मिनिटा-दोन मिनिटांत निघून जाते. ही शरीरातील संप्रेरकांच्या बदलाशी जोडलेली, ओळखली गेलेली प्रतिक्रिया आहे. इतर वेळी मन ठीक असेल तर तिला घाबरण्याचे कारण नाही, पण डॉक्टरांच्या कानावर ती अवश्य घालावी.

येथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

बाळाच्या बाबतीत: पाच दिवसांनंतर चोवीस तासांत ६ पेक्षा कमी वेळा लघवी, गडद पिवळी लघवी, दोन आठवड्यांनीही जन्माच्या वजनापर्यंत न पोहोचणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. बाळ सुस्त पडून पाजायला उठत नसेल, किंवा तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप असेल, तर सकाळची वाट पाहू नये. या काळात डॉक्टरांनी वरचे दूध द्यायला सांगितले तर ते द्यावे, शक्यतो वाटी-चमच्याने, आणि छातीवर पाजणेही चालू ठेवावे.

आईच्या बाबतीत: ताप आणि छातीवर लाल, दुखरा भाग, पकड सुधारूनही न भरणाऱ्या भेगा, बाळंतपणात खूप रक्तस्राव झालेला असणे, वार पूर्ण न पडल्याची शंका, थायरॉईडचा आजार, नुकत्याच सुरू केलेल्या गर्भनिरोधक गोळ्या. यांत दूध खरोखर कमी होऊ शकते आणि त्याचा शोध श्वासाच्या व्यायामाने लागत नाही.

मनाच्या बाबतीत सीमा तितकीच स्पष्ट आहे. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत कारण नसताना रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि ते ओसरते. दोन आठवडे उलटूनही उदासी टिकली, बाळ झोपलेले असतानाही झोप लागेना, कशातच रस वाटेना, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. त्यासाठी १९८७ साली तयार झालेली एडिनबर्ग प्रश्नावली वापरली जाते. तिच्यातील १० प्रश्न डॉक्टर किंवा परिचारिका काही मिनिटांत विचारू शकतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणे, नसलेले आवाज ऐकू येणे, विलक्षण संशय किंवा असंबद्ध बोलणे ही तातडीची स्थिती आहे: आईला आणि बाळाला एकटे सोडू नये आणि १०८ ला फोन करून रुग्णालयात न्यावे. मानसिक त्रासाबद्दल बोलण्यासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते.

डॉक्टरांकडे जाताना बाळाला सोबत न्यावे, लघवीच्या आणि वजनाच्या नोंदींचा कागद न्यावा आणि पान्हा कोणत्या वेळी, कोणत्या जागी अडतो हेही त्यावर लिहावे. मी अंगावर पाजते आहे, हे वाक्य कोणतेही औषध लिहून घेण्यापूर्वी उच्चारावे. नैराश्यावरची काही औषधे स्तनपान चालू ठेवूनही घेता येतात, आणि घरातल्या कोणाच्या सांगण्यावरून औषध किंवा पाजणे यांपैकी एकही परस्पर बंद करू नये.